घडीत राहिलेले गोवे

घरातल्या जुन्या पैठणीची गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत पेटीत पडून राहिली तर नेमकी घडीवरच चिरते. म्हणून जाणत्या बायका वर्षातून एकदोन वेळा ती बाहेर काढतात, वारा देतात आणि घडी बदलून पुन्हा ठेवतात. कापडाला हा उपाय चालतो. पण एखादी घडी अशी असते की ती बदलता येत नाही, आणि उलगडल्याशिवाय आतले काही दिसतही नाही. तिचे काय करावे?

आज मी ज्या घडीविषयी बोलणार आहे ती कागदाची आहे आणि एका पुस्तकात आहे. हे पुस्तक १५९६ साली ॲम्स्टरडॅम शहरात कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने छापले. त्याचे नाव ‘इटिनरारिओ’, म्हणजे प्रवासवर्णन. पुस्तक डच भाषेत, छापले हॉलंडात. पण त्यातली एक मोठी घडी उलगडली की आत गोवे शहराचा बाजार भरलेला दिसतो, आणि दुसरी उलगडली की मांडवीकाठचे सारे शहर रस्त्यांसकट, देवळांसकट, गोदीसकट डोळ्यांसमोर येते. देवळे म्हणजे अर्थातच ख्रिस्ती देवळे. सव्वाचारशे वर्षांपूर्वीचे हे गोवे आज जमिनीवर फारसे उरलेले नाही. ते कागदावर उरले आहे, आणि तेही घडीत.

हे पुस्तक लिहिणारा यान हॉयखेन व्हान लिन्सखोटेन हा हॉलंडातला तरुण. १५८३ साली लिस्बनहून निघालेल्या जहाजातून तो गोव्यात उतरला, तेव्हा त्याचे वय वीसएक वर्षांचे होते. गोव्याचे आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांच्या पदरी तो लेखनिक होता. मोठ्या माणसाच्या दफ्तरात बसणाऱ्या लेखनिकाला पुष्कळ कागद पाहायला मिळतात, पुष्कळ बोलणी कानावर पडतात. लिन्सखोटेनने डोळे आणि कान उघडे ठेवले. माणसे, झाडे, फळे, होड्या, पोशाख यांची त्याने टिपणे केली, चित्रे काढली आणि दर्यावर्दी लोकांकडून सागरी वाटांची माहितीही गोळा केली. आर्चबिशप १५८७ साली पोर्तुगालच्या वाटेवर वारले. लिन्सखोटेन १५८८ च्या अखेरीस गोव्यातून निघाला आणि वाटेत अझोर्स बेटांवर अडकून पडून १५९२ साली घरी पोचला.

पूर्वेकडच्या वाटांची माहिती पोर्तुगीज लोक फार जपत असत. लिन्सखोटेनने ती छापून उघडी केली. १५९८ साली लंडनमध्ये पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले. १६०० साली इंग्रजांची आणि १६०२ साली डचांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. या कंपन्या एका पुस्तकामुळे निघाल्या असे कोणी म्हणणार नाही. पण पूर्वेकडे निघालेल्या लोकांच्या हाती जी थोडी भरवशाची साधने होती त्यांत या पुस्तकातले नकाशे होते.

आता कोणी विचारील, पुस्तकात एवढी मोठी चित्रे घालायचीच कशाला? पानाएवढी का नाही काढली? याचे उत्तर त्याहून शंभर वर्षे मागे सापडते. जर्मनीतील माइंत्स हे छपाईचे जनक गुटेनबर्ग यांचे गाव. तिथल्या बेर्नहार्ड फोन ब्रायडेनबाख नावाच्या धर्माधिकाऱ्याने १४८३-८४ साली जेरुसलेमची यात्रा केली आणि बरोबर एरहार्ड रॉयविख हा चित्रकार नेला. १४८६ साली त्या यात्रेचे पुस्तक छापले गेले. त्यात व्हेनिस शहराचे लाकडी ठशांवरून छापलेले एक चित्र आहे. ते पुरते उलगडले तर सुमारे १ मीटर ६० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापाने साडेतीन हात लांब होते! घडीची चित्रे असलेल्या पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते.

शहर हे लांबवर पसरलेले असते. बोटीतून येणाऱ्याला ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते. ते तळहाताएवढ्या पानात कोंबले तर घरांचे ठिपके होतात. म्हणून चित्रकाराने चित्र मोठे ठेवले, कागदाचे ताव एकमेकांना जोडले आणि बांधणाऱ्याने घड्या घालून ते पुस्तकात बसवले. चित्र जपून राहिले ते याच युक्तीने. भिंतीवर लावलेले मोठे नकाशे धुराने, उन्हाने, ओलीने नाहीसे झाले. पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये अंधारात घडी होऊन पडलेले पुष्कळसे वाचले.

आता लिन्सखोटेनचा बाजार उलगडू या. ही गोव्याची ‘रुआ दिरैता’, म्हणजे सरळ रस्ता. शहरातला हा मुख्य रस्ता. लिन्सखोटेन सांगतो की सणवार सोडून रोज सकाळी ७ ते ९ या वेळात येथे लिलावाचा बाजार भरे, कारण पुढे ऊन चढे. चित्रात पालखीतून जाणारे धनिक आहेत, त्यांच्यावर छत्री धरणारे नोकर आहेत, घोडे आहेत, अंगाखांद्यावर विक्रीचा माल घेऊन ओरडणारे दलाल आहेत. आणि विकायला आणलेली माणसेही आहेत. होय, श्रोतेहो, त्या बाजारात गुलाम विकले जात. लिलावाच्या मालात अरबी घोडे, मसाले, मोती यांच्या रांगेतच माणसे होती. चित्रात हे सगळे एका नजरेत दिसते. छत्रीखालचा माणूस आणि विकला जाणारा माणूस एकाच रस्त्यावर उभे आहेत. चित्राचे चार तुकडे चार पानांवर छापले असते तर हे शेजार दिसले नसते. मोठ्या चित्राचा मोठेपणा हा असा कामाचा असतो.

मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने साक्षीदाराची उलटतपासणी केली पाहिजे. लिन्सखोटेनने चित्रे काढली खरी, पण तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली योआनेस आणि बाप्टिस्टा व्हान डोएटेकुम यांनी, आणि तीही हॉलंडात. कोरणाऱ्यांनी गोवे पाहिलेले नव्हते. म्हणून माणसांचे बांधे युरोपियन वाटतात, झाडांची पाने कधी ओळखू येतात, कधी येत नाहीत. तरीही दुसरी बाजू पाहा. आज प्रवासी ज्या बॉम जेझूस देवळासमोर उभे राहतात, त्याचे बांधकाम सुरू झाले १५९४ साली. लिन्सखोटेन त्यापूर्वीच गेला होता. पुढे रोगराई, व्यापाराची घसरण आणि बदललेले राज्य यांनी शहर ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीला हलवले, १८३५ साली धार्मिक संघ बंद झाल्यावर मठ पडू लागले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्याचा तो गजबजलेला सरळ रस्ता आता चित्रात शोधावा लागतो.

म्हणूनच ती घडी महत्त्वाची. आणि तीच घडी चित्राचा घात करते. कसा, ते पाहू.

त्या काळचा युरोपातला कागद लिनन कापडाच्या जुन्या चिंध्यांपासून बनत असे. चिंध्या कुटून लगदा करायचा, जाळीवर पसरून ताव काढायचा आणि वाळल्यावर सरसाच्या पातळ पाण्यातून काढायचा. हा कागद चिवट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद आला, त्याच्यापेक्षा पुष्कळच चिवट. पण चिवट झाला तरी तो धाग्यांचाच बनलेला. घडी घातली की बाहेरच्या अंगाचे धागे ताणले जातात, आतल्या अंगाचे चेपतात. प्रत्येक वेळी उघडताना आणि मिटताना त्यांतले थोडे तुटतात. एका वेळी काही दिसत नाही. शंभर वेळा उघडल्यावर घडी मऊ पडते, मग तिच्यातून उजेड दिसू लागतो, मग चीर जाते.

चीर पहिल्यांदा कुठे जाते तेही ठरलेले आहे. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात, त्या चौकात भोक पडते. दुसरी जागा शिवणीजवळची. चित्र पुस्तकात एका पट्टीला चिकटवलेले असते. वाचक घाईने चित्र ओढतो, सगळा ताण त्या पट्टीवर येतो आणि खालच्या कोपऱ्यातून कागद टरकतो. तिसरी जागा कडेची. वाचकाने घडी चुकीची मिटली की चित्राची कड पुठ्ठ्याबाहेर डोकावते. मग तिला धूळ लागते, ती चुरगळते, तिच्या झिरमिळ्या होतात.

काही प्रतींतली चित्रे हाताने रंगवलेली असत, आणि त्यांत हिरवा रंग फार फसवा. जुन्या काळी हा रंग जंगालाचा, म्हणजे तांब्याला आणलेल्या कळकापासून केलेला असे. तांब्याचे क्षार कागद हळूहळू खातात. हिरवे शेत आधी तपकिरी पडते, मग ठिसूळ होते. आणि त्यातून घडी जात असेल तर घडीवर बरोबर मोडते. आपल्याकडच्या पावसाळ्याचा त्रास याहून निराळा. हवेतली दमटाई ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि मिटलेल्या घडीत ती आपल्या नजरेला पडतही नाही. कसर आणि वाळवी तर घरचीच.

अशा चित्रांवर माणसांनी नाना उपाय केले. पूर्वी नकाशे कापडावर डकवत. कित्येकदा नकाशाचे चौकोनी तुकडे करून ते थोडे अंतर सोडून कापडावर लावत, म्हणजे घडी कागदावर न येता कापडावर यावी. प्रवासात वापरायच्या नकाशाला ही युक्ती चांगली. पण चित्र कापले गेले ते गेलेच. शिवाय ओलाव्याने कापड आणि कागद सारखे फुगत नाहीत, त्यामुळे सुरकुत्या येतात.

विसाव्या शतकात आणखी एक उपाय आला. १९३० नंतर अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यांत यंत्राने दाबून बंद करण्याची रीत चालू केली. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने महागडे यंत्र न वापरता, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या बोळ्याने हातांनीच तेच काम करण्याची पद्धत बसवली. चुरा होऊ घातलेले पुष्कळ कागद या उपायाने त्या वेळी तगले, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे कळले की तो पापुद्रा स्वतःच म्हातारा होतो, आणि मग तो सोडवणे जिकिरीचे असते.

यातून जाणकारांनी एक धडा घेतला, आणि तो कोणालाही पटण्यासारखा आहे. आपण आज जे करतो ते उद्याच्या माणसाला सोडवता आले पाहिजे. म्हणून आता फाटलेल्या घडीवर पाठीमागून जपानी कागदाची अरुंद पट्टी लावतात. हा कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. तलम, पण लांब धाग्यांचा. पट्टी कात्रीने कापत नाहीत, ओली करून हाताने फाडतात, म्हणजे तिच्या कडेला धाग्यांची लव राहते आणि जोडावर धार येत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ घेतात. पाण्याने ती पुन्हा सुटते. आणि पट्टी मूळ कागदापेक्षा जरा दुबळीच निवडतात. ताण पडला तर नवी पट्टी सुटावी, जुने चित्र फाटू नये, हा त्यातला हिशेब.

यातही एक वादाचा मुद्दा राहतोच. काहींना वाटते, चित्र पुस्तकातून काढून सपाट ठेवावे. घडीच नको म्हणजे चीरही नको. चित्र अगदीच विकल झाले असेल तर हे करावेही लागते. पण त्यात तोटा आहे. कोणती घडी मळली आहे, कोणती कोरी आहे, शेजारच्या पानावर शाईचा पुसट ठसा कुठे उमटला आहे, यावरून ते पुस्तक कोणी किती वापरले ते कळते. घड्या इस्त्री करून पुसून टाकल्या तर ती साक्ष जाते. शिवाय चित्र पुस्तकाबाहेर पडले की त्याला पाय फुटतात. जुन्या पुस्तकांतली चित्रे कापून, चौकटीत घालून सुटी विकण्याचा धंदा फार दिवसांचा आहे.

चित्र पुस्तकापासून तोडले की काय हरवते याचे एक उदाहरण देतो. ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा मलबारातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्यातली दोन पानांवर पसरलेली झाडांची चित्रे फार देखणी आहेत आणि त्यांवर झाडांची नावे नागरी लिपीतही कोरलेली आहेत. एखादे पान कापून भिंतीवर लावले तर झाड दिसेल. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले निवेदन छापलेले आहे. ते पुस्तकात मागे राहील आणि त्या नागरी नावांमागची माणसे पाहणाऱ्याला कळणारच नाहीत.

मग लोकांनी ही चित्रे पाहायचीच नाहीत का? तसे नव्हे. न दाखवलेले धन आणि नसलेले धन यांत फारसा फरक नाही. फक्त दाखवण्याची रीत पाहिजे.

प्रदर्शनात पुस्तक ताठ उघडून ठेवत नाहीत. त्याच्या पाठीला आणि पुठ्ठ्यांना पेलेल असा पाळणा करतात. घडीचे चित्र बाहेर काढले की ते हवेत लोंबते आणि सगळा भार शिवणीजवळच्या पट्टीवर पडतो. म्हणून चित्राखाली पानाच्या बरोबर उंचीची फळी किंवा जाड पुठ्ठा देतात. कडा पारदर्शक फितीने सैल धरतात. टाचणी नाही, डिंक नाही. घडी फार ताठ असेल तर ती जुलमाने सपाट करत नाहीत, आहे तशी किंचित उंच राहू देतात.

उरला उजेड. उजेड मोजण्याचे माप लक्स. जुना कागद आणि रंग यांना प्रदर्शनात ५० लक्सपेक्षा जास्त उजेड देऊ नये असा संकेत आहे. आता शिक्षकांनी वर्गात करून घ्यावा असा हिशेब सांगतो. ५० लक्स उजेड रोज १० तास, असा ९० दिवस दिला तर एकूण ४५,००० लक्स-तास होतात. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. म्हणजे तीन महिन्यांच्या प्रदर्शनात जेवढा उजेड चित्राला लागेल, तेवढा उन्हात अर्ध्या तासाच्या आतच लागतो! आणि उजेडाचे हे कर्ज फिटत नाही. चित्र नंतर दहा वर्षे अंधारात ठेवले तरी उडालेला रंग परत येत नाही. म्हणून काही महिन्यांनी चित्र मिटून ठेवतात आणि त्याच्या जागी हुबेहूब प्रत मांडतात.

प्रतीचे काम आता सोपे झाले आहे. एकदा नीट आधार देऊन चित्र उघडायचे, त्याचे उत्तम छायाचित्र घ्यायचे आणि मग मूळ चित्राला विश्रांती द्यायची. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमसारख्या संग्रहालयांनी आपल्याकडच्या जुन्या छापचित्रांची छायाचित्रे संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. खेड्यातल्या शाळेतला मुलगाही आज अशी जुनी चित्रे मोठी करून पाहू शकतो, आणि मूळ कागदाचा एक धागाही तुटत नाही.

आता थोडे आपल्या दारचे. शाळेच्या कपाटात जुना घडीचा नकाशा असेल, घरात मोडी कागदांचा रुमाल असेल, कोणाकडे कापडावरचा गावनकाशा असेल. तो उघडायचा तर आधी त्याच्या पसाऱ्याएवढे स्वच्छ टेबल मोकळे करा. हात धुऊन कोरडे करा. चहाची कपबशी आणि शाईचे पेन दूर ठेवा. टिपण शिसपेन्सिलीने करा. घडी आहे त्याच दिशेने, दोन हातांनी, सावकाश उलगडा आणि मिटतानाही त्याच खुणेने मिटा. कागद कडकडत असेल तर हट्ट करू नका, जाणकाराला दाखवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी मुळीच लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढा, पाऊस संपला की कोरड्या दिवशी सावलीत हवा द्या. उन्हात मात्र वाळत घालू नका. उन्हाचा हिशेब आपण आत्ताच केला आहे.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम मुलांकडून जरूर करून घ्या. गावात असे घडीचे कागद कोणाकोणाकडे आहेत याची यादी करा. कागद मागू नका, मालकाच्या घरीच राहू द्या. फक्त कसला कागद, किती मोठा, किती घड्यांचा आणि कुठे फाटलेला, एवढे लिहून ठेवा, आणि मालकाची संमती असेल तर एकदाच नीट छायाचित्र घ्या. गोव्याचा बाजार पाहायला आपल्याला एका परक्या लेखनिकाचे पुस्तक उघडावे लागते. आपल्या गावची शीव, ओढा, जुनी पेठ दाखवणारा कागद कदाचित शेजारच्याच घरात पडला असेल. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्याची नोंद झाली, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.